टाकीखालचे मोहोळ

दिवाळीचे फटाके थांबून चार-पाच दिवस झाले असतील. नांदेडला आमच्या चार मजली सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. ती ज्या बीमवर उभी आहे त्यांपैकी पूर्वेकडच्या बीमला एका सकाळी काळसर असे काहीतरी लोंबताना दिसले. आधी वाटले, कोणाचे तरी घोंगडे वाऱ्याने उडून अडकले असेल. मग ते घोंगडे हलले. वरपासून खालपर्यंत एक लाट त्याच्या अंगावरून सरकत गेली आणि पुन्हा सगळे शांत झाले. आग्या मोहोळ होते.

तासाभरात बातमी चारही मजल्यांवर पोचली. गच्चीच्या दाराला कुलूप लागले, वाळत घातलेले कपडे खाली आले, मुलांचे पतंग बंद झाले. रविवारी तातडीची सभा बोलावण्यात आली. आमच्या सोसायटीच्या सभेला एरवी गणपूर्ती होत नाही, त्या दिवशी मात्र खुर्च्या कमी पडल्या. प्रत्येकाजवळ एकेक हकिकत होती. कोणाच्या गावी मयतीच्या वेळी चितेच्या धुराने माश्या उठल्या आणि प्रेत तसेच टाकून सगळे सोयरे पळाले. कोणाचा मामेभाऊ विहिरीत उडी टाकून वाचला. या हकिकती खोट्या नसतात. आग्या माशीचा राग वाईट, आणि शेकडो डंख बसले तर माणूस दगावतो. दोन प्रस्ताव पुढे आले. एक, दीड हजार रुपयांत रात्री पेटता टेंभा लावून पोळे उतरवणारा एक माणूस. दुसरा, फवारा मारणारी एक शहरी एजन्सी, तिचा भाव याच्या दुप्पट.

मी म्हणालो, थोडे थांबू या. ही माशी भटकी आहे, फुलोरा संपला की आपणहून उठून जाते. वैशाखापर्यंत गच्ची बंद ठेवली तर काय बिघडेल? तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर हसून म्हणाले, ‘‘तुम्ही लिहिणारे लोक. तुम्हाला माशीत कविता दिसते. आम्हाला नातवंडे दिसतात.’’ शेवटी महिनाभर वाट पाहावी असा ठराव झाला. कारण माझे वक्तृत्व नव्हे. दीड हजार रुपये कोणत्या खात्यातून द्यायचे, यावर एकमत होईना.

त्याच संध्याकाळी गावाकडून दादाचा फोन आला. आमचे गाव लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात. दादा शेती पाहतो. मी मोठ्या उत्साहाने मोहोळाची गोष्ट सांगितली. तो ऐकून घेऊन म्हणाला, ‘‘तुर फुलात आलीय. उद्यापासून फवारायलो.’’ मी म्हणालो, ‘‘दादा, फुलात असतानाच?’’ त्यावर तो म्हणाला, ‘‘मग काय शेंगा अळीच्या पोटात गेल्यावर? तुला एक पोळं वाचवायचंय, मला चार एकर.’’

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आले की आम्हा दोघा भावांच्या घरांत मिळून या प्रश्नाची दोन्ही टोके आहेत. शहरातल्या घराला माशी नको आहे. शेतातल्या घराला माशीवाचून चालणार नाही, पण माशीला मारणारी बाटलीही सोडवत नाही.

तुरीचे फूल तुम्ही जवळून पाहिले आहे का? पिवळेधमक, कधी तांबूस रेघांचे, मटारच्या फुलाच्या घाटाचे. त्यातले परागकण दोन पाकळ्यांच्या होडीत बंद असतात. स्वतःच्या परागावर शेंग धरण्याची त्याची सोय आहे. म्हणून माश्या नसल्या तर तूर पिकणारच नाही असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नये. पण ती होडी दाबून उघडणारी एखादी दणकट माशी आली की परपरागीकरण होते. हे काम करणाऱ्यांत मधमाश्या आहेत, पण तुरीचे खास पाहुणे दुसरेच: काळा भुंगा आणि पाने कातरणारी एकांडी माशी. आमच्यापासून एका रात्रीच्या अंतरावर हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट ही संस्था १९७२ पासून आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी तुरीचे संकरित वाण तयार केले तेव्हा नर-वंध्य झाडांच्या ओळी आणि परागकण पुरवणाऱ्या झाडांच्या ओळी शेजारी शेजारी लावून परागकण नेण्याचे काम या माश्यांवरच सोपवले. त्यासाठी मजुरी द्यावी लागली नाही. उलट आमच्या नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राच्या एन.एच.एच. ४४ या वाणाने एके काळी मराठवाड्याची शेते भरून टाकली होती. तसल्या संकरित कपाशीचे बियाणे एकेका फुलाचे नर काढून, एकेका फुलाला हाताने पराग लावून करावे लागते. ते काम बायका करतात, आणि कित्येक वर्षे लहान मुलींकडूनही ते करवून घेतले गेले. माशीच्या पायांची किंमत काढायची असेल तर त्या बोटांची मजुरी मोजावी.

आता गंमत अशी की हा भुंगा आणि ही कातरमाशी, दोघेही घरातले नकोसे पाहुणे आहेत.

आमच्या लहानपणीचे घर माळवदाचे होते. सागवानी तुळया, त्यांवर लाकडे आणि वर हात-दीड हात पांढरी माती. उन्हाळ्यात भुंगे त्या तुळयांना भोके पाडत. दुपारी सगळे निजले की किर्र किर्र असा आवाज येई आणि खाली पिवळ्या भुश्याची छोटीशी रास पडे. आजोबा चिंध्या रॉकेलमध्ये भिजवून भोकात कोंबत. भुंगा पुढच्या आठवड्यात शेजारी दुसरे भोक पाडी. देवळीच्या कोपऱ्यात कुंभारीण आपली मातीची घागर बांधी. लहान लिंबाएवढी, गळ्याला सुबक काठ असलेली. आजी ती मोडू देत नसे. कुंभारीण अळीला उचलून आणते, घरात कोंडते आणि तिच्याभोवती सतत गुणगुणून तिला आपल्यासारखी करते, असे ती सांगे. कीर्तनकारांच्या तोंडचा हा भ्रमरकीट न्याय आम्ही कितीतरी वेळा ऐकला. खरा प्रकार कमी आध्यात्मिक आहे. कुंभारीण घागरीत स्वतःचे अंडे लटकवते, अळीला डंख मारून बधिर करते, तिथे आणून भरते आणि तोंड लिंपून टाकते. अंड्यातून निघालेले पिल्लू ती ताजी अळी खाऊन मोठे होते आणि भिंत फोडून बाहेर येते. गुणगुणण्याने काही होत नाही. पण एकेका घागरीत चार-सहा अळ्या जातात, आणि त्यांत पिकांवरच्या अळ्याही असतात. दादा ज्यांच्यासाठी बाटली आणतो त्या अळ्यांचा हिशेब आमच्या देवळीत फुकट चालला होता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या गावात प्राणहानी झाली नाही, पण माळवदे खचली. ज्या गावांत ती कोसळली तिथे मातीच्या त्या ओझ्याखालीच हजारो माणसे गेली. त्यामुळे जुन्या घरांचे गोडवे गाणे मला जमणार नाही. त्या घरांची ऊब ज्यांनी अनुभवली त्यांनीच तो ढिगाराही उपसला आहे. लातूर-उस्मानाबादची ५२ गावे उठवून नव्या जागी वसवली गेली, उरलेल्या गावांनीही हळूहळू सिमेंट धरले, आणि ते योग्यच झाले. एवढे मात्र खरे की सिमेंटच्या घराला भोके नसतात. तुळई नाही, देवळी नाही, भिंतीला पोपडा नाही. भुंग्याला आणि कुंभारणीला त्या घरात जागा राहिली नाही, याची नोंद पुनर्वसनाच्या कोणत्याच फायलीत होण्याचे कारण नव्हते.

तरी ती येतातच. आमच्या ग्यालरीतल्या गुलाबाच्या पानांना कडेने गोल गोल कातर पडलेली असते, जणू कोणी पंचिंग मशीन चालवले आहे. सौ.ने पहिल्यांदा पाहिले तेव्हा शेजारच्या मुलांवर संशय घेतला. नंतर तिला ती दिसली. लहानशी, करड्या अंगाची, पोटाखाली पानाचा तुकडा धरून चाललेली माशी. कूलरच्या नळीचे एक टोक उघडे राहिले होते, त्यात तिने त्या तुकड्यांच्या पुरचुंड्या करून पिल्ले वाढवायला ठेवली होती. हीच ती तुरीची पाहुणी. सौ. स्वयंपाकघरात गेली आणि सिंकखालचा फवारा घेऊन आली. मी हात धरला. तिने विचारले, ‘‘मग झुरळांवर मारता तेव्हा कुठे जातो हा कळवळा?’’

त्या सिंकखाली काय काय आहे, हे मी मग एकदा चष्मा लावून वाचून काढले. आपणही कधी वाचा. मुंग्यांसाठी खडू. उडत्या किड्यांसाठी एक डबा, सरपटत्या किड्यांसाठी दुसरा. डासांचे द्रव. झुरळांसाठी सुईच्या नळीतला मलम, त्याच्यावर इमिडाक्लोप्रिड असे लिहिलेले. हे नाव ओळखीचे वाटले म्हणून दादाला विचारले. तो म्हणाला, ते तर आम्ही कपाशीच्या मावा-तुडतुड्यांवर मारतो. घरावरच्या वाळवीसाठी जे पाण्यात मिसळून जोत्याभोवती ओततात, त्यातही पुष्कळदा हेच असते. म्हणजे शेतातल्या आणि घरातल्या विषाची कुळी एकच. बाटलीवरचे चित्र तेवढे निराळे. एकावर हिरवेगार शेत, दुसऱ्यावर हसणारी आई.

विष हा शब्द मी लिहिला, पण तो कोणी वापरत नाही. गावात आणि शहरात दोन्हीकडे याला ‘औषध’ म्हणतात. तुरीला औषध मारले, झुरळांना औषध टाकले. दुकानावर पाटी ‘कृषी सेवा केंद्र’, आणि दुकानदाराला पानावरचा रोग दाखवून शेतकरी डॉक्टरला विचारावे तसे विचारतो. शब्दाने केवढी भीती कमी होते! डॉक्टरकडे जाऊन कोणी चार औषधे एकत्र घोटून पीत नाही. शेतात मात्र अळीचे एक, रसशोषक किडींचे एक, बुरशीचे एक आणि वर एक टॉनिक अशी चार झाकणे एकाच पंपात ओतली जातात. पाणी महाग, मजूर महाग, पुन्हा पुन्हा कोण फवारणार? उधारी दुकानदाराचीच असते, तेव्हा सल्लाही त्याचाच घ्यावा लागतो. यात दुकानदार दुष्ट आणि शेतकरी अडाणी असे काही नाही. कृषी सहायकाकडे अनेक गावे असतात, तो येईपर्यंत अळी थांबत नाही.

या औषधाचा खरा अर्थ पैनगंगेच्या पलीकडे २०१७ मध्ये उघडा पडला. आमच्या माहूर-किनवटला लागूनच यवतमाळ जिल्हा. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, तिच्यात उभे राहून मजूर फवारत होते, आणि जुलै ते ऑक्टोबर या काळात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले, कित्येकांची दृष्टी काही काळ गेली. सरकारने विशेष चौकशी पथक नेमले आणि पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत साठ दिवसांची बंदी घातली. साठ दिवसांची! नदीच्या अलीकडे नांदेड जिल्हा, तीच कपाशी, तोच पंप, तीच बाटली. पण बंदीच्या यादीत आपला जिल्हा नव्हता. ज्या फवाऱ्याने धडधाकट माणूस आडवा होतो, त्याच फुलावर बसलेल्या माशीचे काय होत असेल, हा प्रश्न त्या दिवसांत कोणी विचारला नाही. माणसे मरत असताना माशीबद्दल विचारणे शोभलेही नसते.

कायद्याची चाल आपल्याकडे अशीच आहे, आधी माणसे जावी लागतात. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेले धान्य खाऊन शंभरावर माणसे गेली, तेव्हा कीटकनाशकांसाठी कायदा असावा असा विचार सुरू झाला आणि तो कायदा १९६८ मध्ये आला. डब्यांवरचे लाल, पिवळे, निळे, हिरवे त्रिकोण याच कायद्याखालच्या नियमांनी दिलेले आहेत. लाल म्हणजे अति जहाल, हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य. पण हा रंग सस्तन प्राण्यांना, म्हणजे तुम्हा-आम्हाला, किती धोका आहे यावरून ठरतो. माशीचा त्रिकोण वेगळा असता तर आपल्या हिरव्या-निळ्या डब्यांपैकी कितीतरी लाल झाले असते. घरातल्या फवाऱ्यांत असणारे पायरेथ्रॉइड वर्गातले द्रव्य माणसाला तुलनेने सौम्य, माशीला मात्र जहाल असते.

२०१३ मध्ये केंद्र सरकारने अनुपम वर्मा यांच्या समितीकडे ६६ कीटकनाशकांचा फेरविचार सोपवला. ती सगळी अशी होती, की इतर देशांनी बंद केली आणि आपल्याकडे चालू राहिली. त्यातून ऑगस्ट २०१८ मध्ये १८ रसायनांवर बंदीचा आदेश निघाला. जुन्या माणसांना ती नावे भुतासारखी आठवतील. मिथाईल पॅराथिऑनची भुकटी लगेच गेली. थायमेट म्हणून ओळखले जाणारे फोरेट आणि ढेकणांसाठी घरोघरी वापरले गेलेले डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले. मे २०२० मध्ये आणखी २७ रसायने बंद करण्याचा मसुदा आला. त्यातल्या अनेकांपुढे ‘मधमाश्यांना विषारी’ हेही एक कारण सरकारी कागदावर लिहिलेले होते. मला त्याचे फार अप्रूप वाटले होते. पण २०२३ मध्ये अंतिम आदेश निघाला तेव्हा सत्तावीसमधली तीनच पूर्ण बंद झाली, आणि मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणाची नोंदणी गेली. उरलेल्यांचे उत्पादक म्हणाले, पर्याय महाग आहेत. शेतकऱ्यांच्या वतीनेही तेच सांगितले गेले, आणि ते अगदीच खोटे नाही.

युरोपने दुसरी वाट धरली. इमिडाक्लोप्रिड आणि त्याची दोन भावंडे, क्लोथियानिडिन आणि थायमेथोक्झाम, यांच्यावर आधी २०१३ मध्ये आंशिक निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये उघड्या शेतातला वापरच थांबवला. या कुळीचा गुण आणि अवगुण एकच आहे. ही तंबाखूतल्या निकोटिनच्या नात्यातली द्रव्ये झाडाच्या रसात मुरतात. बियाण्याला चोळले तरी रोपाच्या पानापर्यंत पोचतात आणि फुलोरा आला की थोडी परागात, थोडी मधात उतरतात. ती माशीला जागच्या जागी मारतातच असे नाही. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी मधमाश्यांच्या पाठीवर बारीक टिकल्या चिकटवून, त्यांना थायमेथोक्झामचा अत्यल्प अंश पाजून सोडले; त्यांतल्या पुष्कळ घरी परतल्याच नाहीत. वाट विसरल्या. ज्या माशीने फुलांचा पत्ता नाचून सांगितला हे शोधल्याबद्दल कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल मिळाले, तिला स्वतःच्या घराचा पत्ता सापडेना. आपल्याकडे हेच थायमेथोक्झाम सोयाबीनच्या बियाण्याला खोडमाशीसाठी चोळण्याची शिफारस आहे आणि लातूरला सोयाबीन म्हणजे सगळे काही.

हे ‘सगळे काही’ही माशीच्या मुळावर आले आहे. माझ्या लहानपणी आमच्या शिवारात पावसाळ्यात मूग, उडीद, तीळ, अंबाडी, बांधावर कारळ. हिवाळ्यात करडई, जवस, ज्वारी. पुढे सूर्यफूल आले. म्हणजे बाराही महिने कोणते ना कोणते फूल. करडईच्या काट्यांतून मधमाश्या उठत, तेव्हा शेत गुणगुणल्यासारखे वाटे. आता पावसाळ्यात नजर जाईल तिथवर सोयाबीन, त्याच्यामागे हरभरा. हरभऱ्याचे फूल आपले लग्न आतल्या आत उरकून मोकळे होते, त्याला पाहुण्यांची गरज नाही आणि पाहुण्यांना त्यात विशेष काही मिळत नाही. बांधावरचे तण तणनाशकाने जळते, बोरी-बाभळी बांध रुंद करताना गेल्या. सूर्यफुलाला तर माशी नसेल तर दाणा पोचट राहतो. ते पीक आमच्याकडून गेले त्याला भाव, रोग, पाखरे अशी पुष्कळ कारणे आहेत. पण ज्यांनी शेवटी शेवटी ते लावले त्यांना थाळीच्या मध्यभागी भरणारे पोचट दाणे आठवत असतील. गोड क्रांती म्हणून २०२० मध्ये केंद्राने मधमाशीपालनासाठी पाचशे कोटींचे अभियान जाहीर केले. महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ मध्ये मधाचे गाव केले. चांगलेच आहे. पण मांघरच्या भोवती जंगल आहे. आमच्या शिवारात पेटी ठेवली तर हरभरा संपल्यावर माशीने खायचे काय?

शेतकऱ्याची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी ग्यालरीतून उपदेश करणारा ठरेन. २००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा हल्ला झाला, उभी शेते चाळणी झाली. २०२२ मध्ये लातूर, बीड, उस्मानाबादेत गोगलगाईंनी उगवलेले सोयाबीन रातोरात कुरतडले, लोकांनी दोनदा-तीनदा पेरले. आमच्या वहिनी पहाटे बॅटरी घेऊन बादल्या बादल्या गोगलगाई वेचून मिठाच्या पाण्यात टाकत होत्या. त्या घराच्या भिंतींवर, न्हाणीत, पाण्याच्या रांजणावर चढलेल्या. पुढच्या वर्षी पिवळ्या मोझॅकने सोयाबीन पिवळे पडले, तो रोग पांढरी माशी पसरवते. अशा वेळी दादाला ‘निसर्गाचा समतोल’ सांगायला जावे तर तो पंपाचा पट्टा माझ्या खांद्यावर अडकवेल.

आणि शहरात डेंगी आहे. लातूरकरांना पाणी साठवण्याचे शास्त्र शिकवायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आले ते शहर आहे हे. त्या उन्हाळ्यात माझ्या बहिणीकडे लातुरात नळाच्या तोटीला, टिपाच्या काठाला मधमाश्या लगडलेल्या असत. त्यांनाही पाणी नव्हते. आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात प्रत्येक घरात टिपे असतात आणि टिपातल्या स्वच्छ पाण्यातच डेंगीचा डास वाढतो. त्याला नको म्हणणे हा गुन्हा नाही. मात्र त्याचा उपाय टिपावर झाकण, आठवड्याला एक कोरडा दिवस आणि गप्पी मासे हा आहे. संध्याकाळी गल्लीतून धूर सोडत जाणारे यंत्र उडते डास पाडते, टिपातली पिल्ले तशीच राहतात. तो धूर मात्र लोकांना आवडतो. काहीतरी झाले असे वाटते.

मला वाटते, ‘काहीतरी झाले असे वाटणे’ हाच फवाऱ्याचा सगळ्यात मोठा खप आहे. दादाने फवारले की त्या रात्री त्याला झोप लागते. सौ.ने सिंकखाली फुसफुस केले की तिला स्वयंपाकघर स्वच्छ वाटते. प्रत्यक्षात अळी किती आहे हे मोजून, नुकसानीची पातळी ओलांडली तरच फवारावे, असे परभणीचे कृषी विद्यापीठ कितीतरी वर्षे सांगत आहे. तुरीला तर निम्मे पीक फुलात येताच पहिली फवारणी पाच टक्के निंबोळी अर्काची करा, असा त्यांचा सल्ला आहे. आमच्या गावात लिंबोळ्या पायाखाली तुडवल्या जातात. त्या उन्हाळ्यात वेचून, वाळवून, कुटून, रात्रभर भिजवून, गाळून घ्यायच्या. हे काम कोणी करायचे, असे वहिनी विचारतात. त्यांचा प्रश्न बरोबर आहे, कारण ते काम त्यांच्याच वाट्याला येणार असते.

तरी मी दादाशी भांडलोच. बाटलीसोबतच्या कागदाची घडी उलगडून त्याला बारीक अक्षरे वाचून दाखवली, की मधमाश्या फुलावर वावरत असताना फवारू नये. तुरीवर माश्या येतात त्या ऊन चढल्यावर. उन्हे कलली की त्यांची ये-जा थांबते. तेव्हा फवार. दादा म्हणाला, संध्याकाळी मजूर थांबत नाही आणि लाइट रात्रीची असली तर त्याच वेळी पाणी द्यायला जावे लागते. मग दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. चार एकरांपैकी विहिरीकडच्या दोन एकरांत साडेपाचनंतर स्वतः फवारले होते, एकच औषध, मिसळ न करता. बाकीचे दोन एकर सकाळी मजुराने उरकले. एवढेच झाले. त्याने ते मला मुद्दाम कळवले, याचा मला आनंद झाला; शेंगा दोन्हीकडे किती लागल्या हे त्याने मोजले नाही, आणि मी विचारले नाही.

इकडे महिना संपला. टाकीखालचे मोहोळ हातभर वाढले होते. संध्याकाळी दिवे लागले की दहा-वीस माश्या जिन्यातल्या ट्यूबलाइटवर येऊन आपटत. मी ट्यूब बदलून पिवळा दिवा लावून घेतला, तेव्हा त्या कमी झाल्या. हेडमास्तरांनीही ते कबूल केले. पण जानेवारीत दुसऱ्या मजल्यावरच्या एका सहा वर्षांच्या मुलीच्या पापणीला डंख बसला. डोळा सुजून बंद झाला. दोन दिवसांत ती बरी झाली, पण त्या दोन दिवसांत तिच्या आईचा चेहरा मी पाहिला होता. पुन्हा सभा झाली. या वेळी दीड हजार रुपये लगेच निघाले. मी बोलायला उभा राहिलो नाही. वर्ध्याकडे माश्या न मारता, पोळ्याचा मधाचा भाग तेवढा कापून घेणारी, जाळी-टोपी घालून काम करणारी माणसे आहेत, त्यांची पद्धत शिकवलीही जाते. पण नांदेडला त्या आठवड्यात असा माणूस कोठून आणायचा? इतिवृत्ताच्या रजिस्टरवर सगळ्यांच्या सह्या आहेत, त्यांत माझीही आहे.

रात्री अकरा वाजता तो माणूस आला. खिडक्या लावून आम्ही काचेतून पाहत होतो. टेंभ्याच्या उजेडात ठिणग्या पडाव्यात तशा माश्या खाली पडत होत्या. सकाळी झाडणाऱ्या मावशींनी त्या गोळा केल्या. दोन बादल्या भरल्या. त्यांनी मला विचारले, ‘‘साहेब, कुठं टाकू?’’ मध बाटल्यांतून घरोघरी वाटण्यात आला. आमच्या वाट्याची बाटली सौ.ने फ्रीजमागे ठेवली आहे, अजून उघडलेली नाही.

बीमवर मेणाचा हातभर डाग राहिला. आग्या माशीच्या नव्या झुंडी जुन्या जागा हेरून तिथेच उतरतात म्हणतात. यंदा दिवाळीनंतर तिसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेलो, तेव्हा त्या डागाभोवती सात-आठ माश्या घिरट्या घालत होत्या. खाली आलो तर फळ्यावर सेक्रेटरींनी लिहिले होते: रविवारी सकाळी दहा वाजता सभा, विषय गच्ची.